तयार साचा आणि घरचा हिशेब

घरखर्चाचे अंदाजपत्रक शिकवताना अलीकडे एक सूत्र सर्रास सांगितले जाते. मिळकतीतील ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला आणि २० टक्के बचतीला. एलिझाबेथ वॉरन व अमेलिया वॉरन त्यागी या मायलेकींनी अमेरिकन कुटुंबांसाठी लिहिलेल्या ‘ऑल युवर वर्थ’ (२००५) या पुस्तकात ते मांडले. पै-पैची नोंद न ठेवताही खर्चाचा तोल कळावा, हा त्याचा गुण आम्हांला मान्य आहे. परंतु हे सूत्र छापील तक्त्यातून किंवा मोबाइलमधून पिंपरी-चिंचवडच्या वर्गात येते, तेव्हा त्यातील एक गृहीतक तपासले जात नाही. ते गृहीतक असे, की दरमहाची मिळकत ठरलेली असते.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे परिसरात वाहनांचे कारखाने आले. तेथील कायम कामगारापुरते हे गृहीतक बरेचसे खरे होते. चाकणच्या कंत्राटी कामगाराचा पगार मात्र भरलेले दिवस आणि ओव्हरटाइम यांवर ठरतो. समजा, एका घराचा भाडे, किराणा, गॅस व प्रवास यांचा खर्च १४,००० रुपये आहे. पगार कधी १८,००० तर कधी २४,००० येतो. म्हणजे गरजांवरच एका महिन्यात सुमारे ७८ टक्के, तर दुसऱ्या महिन्यात ५८ टक्के जातात. तयार साचा दोन्ही वेळा ‘उधळपट्टी’ असा शेरा देईल. खरी गोष्ट निराळीच आहे. मिळकत एक-तृतीयांशाने वाढली, पण शिल्लक ४,००० वरून १०,००० झाली, म्हणजे अडीचपट! दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत लहान फरकही असा फुगून दिसतो, हे प्रयोगशाळेत आपण नेहमी अनुभवतो. म्हणून नवा हप्ता घेताना सरासरी पगार पाहून चालत नाही. सर्वांत कमी पगाराचा महिना पाहावा लागतो. हे विद्यार्थ्याला स्वतः रकाने आखल्यावर दिसते. साच्यात आकडे भरून ते दिसणार नाही.

आता हप्त्याकडे वळू. दुचाकीसाठी ६०,००० रुपये कर्ज, ‘फ्लॅट’ १० टक्के व्याज, मुदत दोन वर्षे. व्याज १२,००० आणि हप्ता ३,००० रुपये. मोबाइलवरील गणक हप्ता सांगतो आणि थांबतो. वहीत मात्र चार रकाने आखावेत: आरंभीची बाकी, महिन्याचे व्याज, मुद्दलफेड, उरलेली बाकी. घटत्या बाकीवर खरोखर १० टक्के दर धरला, तर कर्ज बाविसाव्या हप्त्यातच फिटते. मग उरलेले दोन हप्ते कशाचे? विद्यार्थ्यांना दर वाढवत पुन्हा तक्ता करू द्यावा. महिना दीड टक्का धरला, की पहिल्या महिन्याचे व्याज ९०० आणि मुद्दलफेड २,१०० येते, व चोविसाव्या हप्त्याअखेर बाकी जवळजवळ शून्य होते. म्हणजे खरा दर वर्षाला सुमारे १८ टक्के! मुद्दल फिटत असतानाही व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारले जात होते. आणि पगाराचा महिना १८,००० चा असेल, तर हा हप्ता भरून घरात १,००० रुपयेच उरतात.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये बँका व वित्तसंस्थांना असा आदेश दिला, की कर्जदाराला सर्व खर्चांसह वार्षिक दर एका पत्रकात द्यावा. उपाय योग्यच आहे. परंतु तोंडी सांगितलेले १० आणि पत्रकातील १८ यांतील अंतर कशाने पडले, हे तक्ता स्वतः केलेल्यालाच उमजेल.

शिक्षकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. विद्यार्थ्यांकडून घरचा खरा पगार वर्गात मागू नये. काल्पनिक कुटुंब पुरते. घरी तोच तक्ता ते आपल्या आकड्यांनी करतील. दुसरे असे, की तुटपुंजा पगार तक्त्याने वाढत नाही, हेही स्पष्ट सांगावे. तक्त्याचा उपयोग एवढाच, की सही करण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा ते कळते. दहावीच्या गणिताने इतके साधले, तर आम्ही तो तास सार्थकी लागला असे मानू.