किशोरचरित्रे, राजकीय व्यक्तींची

राज्यकर्ते, मुत्सद्दी वा लोकनेते म्हणून इतिहासात गाजलेल्या व्यक्तींची, साधारणपणे दहा ते सोळा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली चरित्रे. प्रौढ चरित्राचा संक्षेप म्हणजे किशोरचरित्र नव्हे. त्यात प्रसंगांना प्राधान्य असते आणि नायकाच्या बालपणाला अधिक जागा दिली जाते. या प्रकाराचे सामर्थ्य व त्याचा मुख्य दोष ही दोन्ही या बालपणाच्या चित्रणातच आढळतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मेसन लॉक वीम्स (१७५९–१८२५) या अमेरिकन धर्मोपदेशकाने व पुस्तकविक्रेत्याने लिहिलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र होय. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १८०० मध्ये, ते प्रसिद्ध झाले. लहानग्या जॉर्जने वडिलांच्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालविली आणि विचारताच ते कबूल केले, ही सर्वश्रुत कथा मात्र त्यात प्रथम आली ती १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत. वीम्सने एका अनाम वृद्धेचा हवाला दिला असला, तरी कथेला दुसरा आधार नाही. पुढे सोव्हिएट रशियात मिखाइल झोश्चेन्को याने मुलांसाठी लिहिलेल्या लेनिनविषयक गोष्टींत (१९३९–४०) बाल लेनिनच्या हातून काचेची सुरई फुटते, तो आधी ते नाकारतो व नंतर आईजवळ कबुली देतो. परस्परविरोधी राज्यव्यवस्थांच्या दोन प्रवर्तकांना जवळजवळ एकच गोष्ट चिकटावी, हे लक्षणीय आहे. अशा कथेतून सत्यनिष्ठेचा धडा मिळतो. नायकाचे राजकारण कळत नाही.

मुलांना एवढेच हवे असते, हा समज बरोबर नाही. वीम्सचे पुस्तक लहानपणी वाचलेल्या लिंकनने २१ फेब्रुवारी १८६१ रोजी ट्रेंटन येथे न्यू जर्सीच्या सीनेटपुढे भाषण करताना त्याची आठवण काढली. चेरीच्या झाडाचा उल्लेख त्यात नाही. नदी ओलांडणे, हेसियन सैनिकांशी झालेली झुंज आणि सैन्याच्या हालअपेष्टा यांचे वर्णन मनावर सर्वाधिक ठसल्याचे त्याने सांगितले. ही माणसे ज्यासाठी लढली, ते काही असामान्य असले पाहिजे, असे आपल्याला त्या वयातही वाटल्याचे तो म्हणाला. म्हणजे वाचकाने बोधकथा बाजूला ठेवून राजकीय प्रश्नच उचलला होता. रसेल फ्रीडमनच्या छायाचित्रयुक्त लिंकनचरित्राने (१९८७, न्यूबेरी पदक, १९८८) असा वाचक गृहीत धरला आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरील लिंकनची चलबिचल त्यात लपविलेली नाही.

मराठीत लोकमान्य टिळकांच्या छोट्या चरित्रांतून शेंगांच्या टरफलांची गोष्ट सहसा चुकत नाही. ती बाणेदार आहे, आणि न केलेल्या अपराधाची शिक्षा नाकारणारा मुलगा वीम्सच्या जॉर्जपेक्षा राजकारणाच्या अधिक जवळचा आहे, हेही खरे. पण १८९७ व १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत नेमका वाद कशाचा होता, हे क्वचितच उलगडले जाते; संमतिवयाच्या विधेयकाला (१८९१) टिळकांनी केलेला विरोध तर बहुधा गाळलाच जातो. थोर व्यक्तीचे मत कधी वादग्रस्तही असू शकते, हे चौदा वर्षांच्या वाचकाला पेलणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या या मुलांना मसूर स्थानकावर जात कळताच कोणी गाडीवान नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकीत त्यांना जावे लागले आणि वाटेत पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. येथे बालपणीची आठवण हीच राजकीय घटना आहे, आणि तीत मुलाच्या सद्‍गुणाची परीक्षा नसून समाजाची आहे. त्यामुळे चरित्रकाराला पदरची भर घालावी लागत नाही. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेले भीमायन (२०११) हे चित्ररूप चरित्र अशा आठवणींवरच उभे आहे.