वंशावळीतल्या चारजणी

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी जेवणे आटोपली की शुभवर्तमान वाचले जाई. आजीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे वाचण्याचे काम आम्हा नातवंडांकडे. मत्तयाचे पुस्तक उघडावे तो पहिल्याच पानावर वंशावळ! अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. चौदा पिढ्या, पुन्हा चौदा, पुन्हा चौदा. आम्ही ती ओलांडून एकदम मरीयेपाशी पोहोचत असू. आजी डोळे मिटूनच म्हणे, "अजून त्या चौघी आल्या नाहीत. मागे जा."

तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको, या त्या चौघी.

घराण्याचा वंशवृक्ष भिंतीवर टांगलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातली नवलाई सांगायला नको. आपल्या वंशवृक्षांत फांदीगणिक पुरुष बसलेले असतात; बायका झाडाला लागतच नाहीत. मत्तयाच्या काळीही रीत याहून फार निराळी नसावी. बरे, बायकाच घालायच्या तर सारा होती, रिबका होती, राहेल होती. त्या कुलमातांना वगळून त्याने या चौघींना का उचलले? एकीने वेश्येचे सोंग घेतले, दुसरीचा तो धंदाच, तिसरी परजातीची, चौथीचे नाव राजवाड्यातल्या पापाशी जोडलेले.

याचे एक उत्तर संत जेरोमच्या काळापासून चालत आले आहे. या पापी स्त्रिया. प्रभू पाप्यांसाठी आला हे कळावे म्हणून त्यांची नावे. पुष्कळ उपदेशांतून मी हेच ऐकले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, हिब्रू-ग्रीकचा मला गंध नाही. पण कथा लिहिणे हा माझा उद्योग आहे, आणि कथा म्हणून या गोष्टी वाचल्या की हे उत्तर मला पटत नाही. कृपेची गरज यांत आहे खरी, पण ती कोणाला, हे पाहायला हवे.

तामारेचेच घ्या. यहूदाचा थोरला मुलगा मेला, तेव्हा त्याची विधवा धाकट्याला दिली. मेलेल्या भावाचा वंश चालावा म्हणून. आपल्याकडच्या नियोगाशी ताडून पाहावी अशी ही चाल. धाकटाही मेला. तिसरा लहान होता. यहूदाने सुनेला सांगितले, तो मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन राहा. पोटात भीती ही, की ही बाई तिसऱ्यालाही खाईल. पांढऱ्या पायाची सून आपल्याला काही अनोळखी नाही! मुलगा मोठा झाला. बोलावणे आले नाही. मग एके दिवशी मेंढरांच्या लोकरीच्या कातरणीसाठी सासरा तिम्नाच्या वाटेने निघाल्याचे कळताच तिने वैधव्याची वस्त्रे उतरली, बुरखा घेतला आणि वाटेवर जाऊन बसली. एका करडाच्या बोलीवर सौदा ठरला. करडू येईपर्यंत गहाण म्हणून तिने त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी ठेवून घेतली.

तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचे कळले. यहूदाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, बाहेर काढा आणि जाळा. तिने काय करावे? तिने चव्हाट्यावर त्याचे नाव घेतले नाही. त्या तीन वस्तू पाठवल्या आणि निरोप दिला की ज्याच्या या वस्तू त्याचे हे मूल, ओळखा. यहूदाने ओळखल्या आणि कबूल केले की न्याय हिच्या बाजूला आहे, चूक माझी. माझ्यासारखीने इथे दोन पाने अश्रू गाळले असते!

ही कथा योसेफाच्या गोष्टीच्या ऐन मध्यावर येते. वाचताना वाटते, चुकून पान मध्ये शिरले. पण मागच्याच अध्यायात काय झाले आहे? भावांनी योसेफाला विकले. विकण्याची युक्ती याच यहूदाची. मग बकरा मारून त्याच्या रक्तात अंगरखा बुडवला आणि म्हाताऱ्या बापापुढे ठेवून म्हटले, ओळखा. हिब्रू जाणणारे सांगतात की दोन्ही ठिकाणी शब्द तोच आहे. बापाला दिलेला शब्द सुनेच्या तोंडून परत आला. पुढे काही वर्षांनी मिसर देशात धाकट्या भावावर गुलामीची वेळ येते, तेव्हा हाच यहूदा पुढे होऊन म्हणतो की त्याच्या जागी मला ठेवून घ्या. भावाला विकणारा माणूस भावासाठी स्वतःला द्यायला तयार होतो. या दोन यहूदांच्या मध्ये कोण उभी आहे ते पाहा. कृपा तामारेवर झाली म्हणण्यापेक्षा ती तिच्या हातून यहूदापर्यंत पोहोचली, असे मला दिसते.

राहाब यरीहोच्या तटातल्या घरात राहणारी. परक्या हेरांना तिने छपरावर जवसाच्या काड्यांखाली लपवले, सौदा करून घरच्या सर्वांचे प्राण मागून घेतले आणि खिडकीला किरमिजी दोरी बांधली. मौज पुढेच आहे. पहिल्या शतकातल्या जोसेफसाने तिच्या घराची सराई करून टाकली! नव्या करारातली पत्रे तिची थोरवी गातात, पण "वेश्या" हे बिरुद काही सोडत नाहीत. एकट्या मत्तयाने तिचे नुसते नाव लिहिले. ज्या पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून अवघे बायबल मराठीत आणले (त्या 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला), त्यांनी केडगावला पतित म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी घर काढले, त्याला नाव दिले कृपासदन. अशी नावे ठेवायलाही वाचन लागते.

रूथ सर्वांची लाडकी. तिच्याविषयी थोडेच सांगते. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत प्रभूच्या मंडळीत घेऊ नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. आणि या मवाबी सुनेचा पणतू दावीद राजा!

चौथीचे नाव मत्तय घेत नाही. बथशेबा न म्हणता तो उरीयाची बायको म्हणतो. पुष्कळांना यात तिचा अधिक्षेप वाटतो, मलाही वाटे. पण शमुवेलाचे पुस्तक पुन्हा वाचा. राजाने गच्चीवरून पाहिले, राजाने माणसे पाठवली, राजाने तिचा नवरा लढाईच्या तोंडी देऊन मारवला. तिला कोणी काही विचारल्याचे तिथे लिहिलेले नाही. मत्तयाने त्या मेलेल्या हित्ती शिपायाचे नाव राजाच्या वंशावळीत कायमचे ठोकून ठेवले. दावीदाच्या घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्याला त्या नावाला ठेच लागल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक तमाशातली बाई होती. पळून आलेल्या एका मुलाला ती आपल्या राहुटीत लपवते. पहिल्या खर्ड्यात ती पुढेही तमाशातच नाचते, विडा खाते, पैशावरून भांडते. एका हितचिंतकाने सुचवले की पुस्तक घराघरांतून वाचले जायचे, तर तिला जरा पश्चात्ताप होऊ द्या. मला ते पटले, हे लिहिताना आज लाज वाटते. मी तिला आजारी पाडले, रडवले आणि अडतिसाव्या प्रकरणात मारले. त्या प्रकरणाची फार स्तुती झाली. शाळेत सहकाऱ्यांनी डोळे पुसत अभिनंदन केले.

जोसेफसाला हसताना मला ते अडतिसावे प्रकरण आठवते. त्याने निदान बाईला जिवंत ठेवली होती.

यंदा त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे. जुना खर्डा ट्रंकेच्या तळाशी सापडला. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण ती बाई शाबूत आहे. शेवटच्या पानावर ती राहुटीबाहेर बसून चाळांची दोरी ओवते आहे आणि मुलाला म्हणते आहे, आता निघ, उजाडेल.