गार्सिया द ऑर्ताची ‘मोडशी’

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस ‘जागतिक आरोग्य’ हा विषय शिकवितांना त्याचा पूर्वेतिहास बहुधा लिव्हरपूल (१८९८) व लंडन (१८९९) येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळांपासून सांगण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें त्याआधीं गार्सिया द ऑर्ता याचा, १५६३ सालीं गोव्यास छापिलेला, औषधींविषयींचा पोर्तुगीज संवादग्रंथ हातीं द्यावा. निदान त्यांतील सतरावा संवाद तरी द्यावा.

ऑर्ता लिस्बनच्या विद्यापीठांत शिकवीत असे. १५३४ मध्यें तो गोव्यास आला. पुढें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याची ये-जा होती. प्रस्तुत संवादांत बोलणें चाललें असतां एक चाकर तांतडीचा निरोप घेऊन येतो : रोगी दोन तासांपूर्वीं पडला, रोग ‘मॉर्शी’. ग्रीकांची संज्ञा ऑर्तास ठाऊक आहे, अरबांचीही तो देतो. परंतु दारांतून आंत येतो तो इकडचाच शब्द. ही आपली मोडशी होय. गास्पार कोरेयानें १५४३ च्या सांथीचें वर्णन करितांना हाच शब्द योजिला आहे. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचें ‘मोर्देशी’ झालें, आणि फ्रेंचांनीं तर ‘मॉर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचें मरण, असा अर्थच त्यांतून काढिला! इकडे मराठींत तोच शब्द सौम्य होऊन आज साध्या अपचनास लावितात. रोग्याच्या तोंडचा शब्द कोणत्या काळचा व कोठला, हें न विचारणारा विद्यार्थी येथें दोन्हीं बाजूंनीं फसेल.

ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. प्रश्न करणारा रुआनो हा ऑर्तानेंच कल्पिलेला. तेव्हां शंका व समाधान दोन्हीं एकाच मुखांतून निघतात, आणि एतद्देशीय वैद्यांचे उपचार आपणांस त्याच्याच शब्दांत कळतात. मिरें-जिरें घातलेली कांजी तो नोंदितो, तसेंच पायांस डाग देणेंही नोंदितो. कांजीवरून क्षार-शर्करेच्या पाण्याचें श्रेय पूर्वजांस देण्याचा मोह कित्येकांस होईल. १९७१ मध्यें बनगांवच्या निर्वासितांत दिलीप महालनबीस यांनीं जें यश मिळविलें, तें मापून घातलेल्या मिठाचें व ग्लुकोजचें होतें. कांजीचें श्रेय घेणारांनीं डागण्यांचेंही घ्यावें.

क्लूसियसनें १५६७ मध्यें केलेल्या लॅटिन संक्षेपांत संवादच मोडून टाकिला, व युरोपानें ऑर्ता वाचला तो मुख्यत्वें त्या रूपांत. माहिती राहिली, निरोप्या, घाई, विचारपूस हीं गेलीं. म्हणून शिकवणाऱ्यांनीं फिकाल्योची आवृत्ति (१८९१–९५) किंवा मार्कमचें इंग्रजी भाषांतर (१९१३) वापरावें.

आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंती. वैद्यकीच्या जुन्या बाडांत मोडशीवरील उतारे आढळल्यास ते छापतांना ‘मोडशी’च्या जागीं ‘पटकी’ वा ‘कॉलरा’ घालूं नये. मूळ शब्द, बाडाचें स्थळ आणि असल्यास शक, हीं जशींच्या तशीं द्यावीं.