कागदावरचा सूर

गेल्या आषाढात, भर पावसात, माझा एक जुना विद्यार्थी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लांबट पेटी घेऊन घरी आला. त्याचे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवीत. पेटीत त्यांचा सोप्रानो सॅक्सोफोन होता. सॅक्सोफोन म्हटले की मोठ्या हुक्क्यासारखे वळलेले वाद्य डोळ्यांपुढे येते. सोप्रानो मात्र बहुधा सरळ असतो. दुरून पाहणाऱ्याला ती पितळी सनईच वाटावी. वाद्याबरोबर दोन वह्या होत्या. एक छापील, परदेशी. दुसरी त्याने स्वतः लिहिलेली. दोन्हींत गाणी एकाच जोडीसाठी मांडलेली होती : सोप्रानो सॅक्सोफोन आणि पियानो.

"सर, छापील वहीतलं वाजवलं की लोक वाहवा करतात," तो म्हणाला, "माझ्या वहीतलं वाजवलं की मलाच ऐकवत नाही. स्वर तर सगळे बरोबर आहेत. मग चुकतं कुठे?"

मी संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. हार्मोनियम थोडी वाजवतो आणि शाळेतून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण त्याचा प्रश्न जितका संगीताचा होता, तितकाच वाङ्मयाचा होता, असे मला वाटले. एका वाद्याचे किंवा गळ्याचे गाणे दुसऱ्या वाद्यासाठी कागदावर मांडणे याला आपण संयोजन म्हणतो. ते एक प्रकारचे भाषांतरच असते. आणि शब्दाला शब्द बरोबर असूनही भाषांतर फसते, हे कोणत्या मराठी वाचकाला ठाऊक नाही?

प्रथम छापील वही पाहू. तीत शूमानचे तीन 'रोमान्स' होते, १८४९ साली ओबो आणि पियानोसाठी रचलेले. म्हणजे हेही मूळचे सॅक्सोफोनचे नव्हेत. अडॉल्फ साक्स या बेल्जियन वाद्यकाराने सॅक्सोफोनाच्या कुळाचे पेटंट १८४६ साली पॅरिसमध्ये घेतले. कूळ वयाने लहान, त्यामुळे त्याचे स्वतःचे वाङ्मय थोडके. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसने १९४८ साली सोप्रानो सॅक्सोफोनसाठी 'फँटासिया' लिहिली. पण तीही तंतुवाद्ये आणि तीन हॉर्न यांच्या संगतीची. घरी वाजवायची तर त्या सगळ्या ताफ्याचा पियानोपुरता केलेला सारांश हाती घ्यावा लागतो. तेव्हा या वाद्याच्या वह्या म्हणजे पुष्कळशी उसनवारी आहे. ओबोचा पल्ला सोप्रानोच्या पल्ल्याशी जवळजवळ जुळतो, म्हणून ओबोचे घर सर्वांत जवळचे.

पण उसनवारी सांभाळून केलेली आहे. पियानोवाल्याच्या कागदावर तीन ओळी : वर सॅक्सोफोनची, खाली डाव्या-उजव्या हाताच्या दोन. सॅक्सोफोनवाल्याला स्वतःची एकच ओळ स्वतंत्र कागदावर, तीही एक पूर्ण स्वर वर चढवून लिहिलेली. कारण या वाद्यावर 'पांढरी एक' वाचून फुंकली की ऐकू येते ती 'काळी पाच'. आणि मुख्य गोष्ट अशी की शूमानचा पियानो सुरावटीच्या पाठीमागे शेपटासारखा फिरत नाही. तो ऐकतो, मधूनच वाक्य उचलतो, पुन्हा पायाखालची जमीन होतो. दोघे एकच गोष्ट बोलत नाहीत, म्हणूनच त्यांचा संवाद होतो. या रचनेत दोष नाही असे नव्हे. ओळी इतक्या लांब आहेत की श्वास घ्यावा कोठे, ही ओबोवादकांची जुनी तक्रार आहे. सॅक्सोफोनवर वाजवतानाही संयोजकाने श्वासाच्या जागा खुणेने सांगायला हव्या होत्या; या वहीत त्या नव्हत्या.

आता विद्यार्थ्याची वही. त्याने यमनातले एक जुने नाट्यपद घेतले होते. पट्टी त्याने चांगली निवडली होती. षड्ज काळी पाचचा. म्हणजे सॅक्सोफोनच्या कागदावर एकही तीव्र-कोमल चिन्ह न घेता शुद्ध स्वर लिहिता येतात, केवळ यमनाचा मध्यम तेवढा तीव्र करायचा. वाद्याचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा. मधला षड्ज नीट धरला तर खाली मंद्र षड्ज आणि त्याच्याही खालचा निषाद हाती राहतो, वर तार मध्यमापर्यंत जाता येते. नाट्यपदाला याहून अधिक आवार लागत नाही. येथवर ठीक. त्यानंतर त्याने पियानोच्या उजव्या हाताला सॅक्सोफोनचीच सुरावट दिली होती आणि डाव्या हाताला प्रत्येक मात्रेवर स्वरांचा जुडगा. एकही स्वर चुकलेला नव्हता, आणि गाणे मात्र हरवले होते.

का हरवले, ते त्याला त्याच्याच वाद्यावर दाखवता आले. सॅक्सोफोनचा सूर ओठ, श्वास आणि हळूहळू उचललेले बोट यांनी थोडा वाकतो. त्याच गुणाच्या बळावर कद्री गोपालनाथांनी (१९४९–२०१९) हे वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत नेऊन बसवले. पियानोचा सूर वाकत नाही. आघात झाला की तो आपल्या जागी विरत जातो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा शुद्ध गंधार १४ सेंटांनी चढा असतो, आणि १०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर. कानाला हे पुरेसे आहे. सॅक्सोफोन गंधारावर विसावत असता पियानोने तोच गंधार ठोकला, की एका देवळात दोन पुजारी एकदम आरती म्हणू लागल्यासारखे होते. म्हणून यमनाच्या संयोजकाची पहिली परीक्षा ही : पियानोला कोणते स्वर द्यायचे नाहीत, हे त्याला कळते काय? सॅक्सोफोन गंधारावर असेल तेव्हा खाली फक्त षड्ज-पंचम असावेत. पियानोने आपला गंधार सॅक्सोफोन श्वास घेईल त्या मोकळ्या जागेत खुशाल घ्यावा.

दुसरी परीक्षा तालाची. पाच रेघांच्या लिपीत उभ्या दांड्यांनी घरे पडतात आणि घराची पहिली मात्रा वजनदार मानायची सवय असते. त्रितालातल्या पुष्कळ चिजांचा मुखडा खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठतो आणि समेवर येऊन पडतो. मुलाने पदाचा उठावच पहिल्या घरात वजन देऊन बसवला होता. साहजिकच सम आली तेव्हा तिचे स्वागत करायला कोणी उरले नव्हते. रूपकात तर पहिल्या मात्रेवरच खाली; तेथे पियानोने सवयीने घाव घातला की तालाचा अर्थच उलटतो.

तिसरी परीक्षा मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, ती शब्दांची. नाट्यपद हे पात्राचे बोलणे आहे. वाद्यावर शब्द जातात. पण शब्दांनी घडवलेली वळणे राहायला हवीत. गायक शब्द संपतो तेथे श्वास घेतो. वादकाने शब्दाच्या पोटात श्वास घेतला, तर ऐकणाऱ्याला कारण न कळताही काही तरी मोडल्यासारखे वाटते. यावर उपाय सोपा आहे : सॅक्सोफोनच्या ओळीखाली पदाचे शब्द लिहावेत. ते कोणी म्हणणार नाही, पण वादक ते वाचील.

यावर आमचे बुवा विचारतील, "मुळात गाणे कागदावर मावते का?" प्रश्न रास्त आहे. १९१६ च्या 'स्वयंवर'मधली, भास्करबुवा बखल्यांच्या चालींची पदे बालगंधर्व 'वन्स मोअर'ला पुन्हा पुन्हा गात. त्या प्रत्येक वेळच्या जागा कोणता कागद धरणार? पेटीवरही असाच आक्षेप होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींचा हिशेब पुस्तकात मांडला आणि तशी श्रुति-पेटी घडवून घेण्याचा खटाटोप केला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले, ते १९७१ साली काहीसे उघडले. आक्षेप घेणारे चुकत होते असे मी म्हणणार नाही. पण पुस्तकात ओवी छापली म्हणून कीर्तनकाराचे निरूपण थांबले नाही. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त चिजा छापल्या, त्या गाण्याची जागा घेण्यासाठी नव्हे. गाणे हरवू नये म्हणून. त्यांची लिपी साधी आहे : कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य. तिने एका गळ्याचे गाणे टिपले. दोघांनी मिळून काय वाजवावे, हे सांगणे तिचे काम नव्हते.

ते काम जाणणारी माणसे आमच्या शेजारीच होती. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सोल्फा घोकून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले आणि त्यांनी ही विद्या तेथे रुजवली. लाहोरात बँड चालवून फाळणीनंतर मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसोझा; चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ, ज्यांचा हात १९५१ च्या 'अलबेला'त आमच्या सी. रामचंद्रांना लाभला, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी १९५८ साली मुंबईत रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. मराठी भावगीताच्या बाजूला अनिल मोहिल्यांचे (निधन २०१२) नाव घ्यावे लागेल. यांनी रात्री जागून किती कागद लिहिले असतील! ध्वनिमुद्रण झाले की तो कागद रद्दी ठरे. गायकाचे नाव तबकडीवर, कवीचे नाव तबकडीवर, संगीतकाराचेही. पण पियानोचा गंधार कोठे गाळावा हे ज्याने ठरवले, त्याचे नाव बहुधा कोठेच नाही. आम्ही दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची चिकित्सा करतो, भाषांतरांची क्वचित् करतो; संयोजनाची चिकित्सा करायची असते हेच आमच्या ध्यानी आले नाही. ज्याची चिकित्सा होत नाही ते जपलेही जात नाही. म्हणून आजोबांचे वाद्य नातवाला मिळाले, आणि आजोबांच्या पिढीची विद्या मात्र त्याला शून्यापासून पुन्हा शोधावी लागली.

मुलाने नवी वही केली. आमच्या खाऱ्या दमट हवेत पियानोच्या तारा गंजतात, म्हणून कीबोर्डवर काम भागवले. ते मी वाजवले. माझ्या वाट्याला इतके थोडे स्वर आले होते की सुरुवातीला मला अपमान झाल्यासारखे वाटले! मग कान उघडले. कोजागरीच्या संध्याकाळी पडवीत आम्ही ते पद वाजवीत असता शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन शब्द गुणगुणू लागल्या. त्यांनी आणि सॅक्सोफोनने श्वास एकाच ठिकाणी घेतला.

वाजवून झाल्यावर मुलाने वही मिटली. मी ती उघडायला लावली आणि पहिल्या पानावर, चाल देणाऱ्याच्या नावाखाली, 'संयोजन' असे लिहून पुढे स्वतःचे नाव आणि तारीख घालायला सांगितली. तो संकोचला. म्हणाला, "सर, मी काय केलं? स्वर तर कमीच केले."

"म्हणूनच लिही," मी म्हटले.