साक्षीदार आणि सिद्धांतकार

समतेचे विवेचन करणारी आपली सामाजिकशास्त्रे स्वतः कितपत समतावादी आहेत, हा प्रश्न गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये उपस्थित केला. सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभवाची सामग्री पुरवणारे शूद्र अशी एक वर्णव्यवस्थाच आपल्या विद्याक्षेत्रात नांदते, हा त्यांच्या लेखाचा आशय. सुंदर सारुक्काई यांनी पुढे या वादाला तत्त्वज्ञानाची जोड दिली. जगलेल्या अनुभवात निवडीचे स्वातंत्र्य नसते. बाहेरून सहभागी होणाऱ्याला मात्र परतीची वाट मोकळी असते, असा भेद त्यांनी केला. हा सारा वाद ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या ग्रंथात एकत्र वाचावयास मिळतो.

वाद इंग्रजीत झाला म्हणून मराठी समीक्षेने त्याकडे तटस्थपणे पाहावे, असे नाही. किंबहुना आरोपींच्या यादीत तिचेही नाव आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) ही स्वकथने प्रसिद्ध झाली, तेव्हा आपण त्यांचा गौरव केला. ‘उपरा’ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. परंतु गौरवाचे आपले शब्द कोणते होते? दाहक, अस्सल, आणि विशेषतः ‘सामाजिक दस्तऐवज’. दस्तऐवज म्हटले की लेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. अर्थ लावण्याचा अधिकार आपसूक दुसऱ्याकडे जातो.

कविता ही सिद्धांताला पर्याय होऊ शकत नाही, असे गुरू यांनी त्याच लेखात बजावले आहे. संकल्पनांचे कष्ट टाळण्यासाठी कोणी कवितेचा आडोसा घेत असेल, तर हा इशारा रास्तच. मात्र या स्वकथनांना तो सरसकट लागू करता येणार नाही. त्यांची शीर्षकेच पाहावीत. ‘बलुतं’ म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळणारा धान्याचा वाटा. तो हक्क म्हणून मिळतो आणि त्या हक्कानेच माणूस गावाच्या कामाला पिढ्यानपिढ्या जखडला जातो. हक्क आणि बंधन एकाच शब्दात सांगणारी अशी संज्ञा पाठ्यपुस्तकांत सहजी सापडत नाही. ‘अक्करमाशी’ तर थेट सोनाराच्या तराजूतून आलेला शब्द. तोळ्याचे मासे बारा. हा एका माशाने उणा. जन्माला वजन लावणारा हा समाज उणेपणा टाकतो तो महार आईच्या मुलाच्या पदरी. पाटील बापाचे वजन पुरेच राहते. इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘द आउटकास्ट’ (२००३) झाले. बहिष्कृतता त्यात आली, पण तराजू गळाला. जेरी पिंटो यांनी २०१५ च्या अनुवादात ‘बलुतं’ हे शीर्षक तसेच ठेवले, हे अधिक शहाणपणाचे.

शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांची स्वकथने ‘साक्ष’ म्हणून समाजशास्त्राच्या केंद्रस्थानी आणली. साक्ष हा शब्द त्यांच्या हाती वेगळा ठरतो, कारण तेथे साक्षीदारच प्रश्नाची मांडणी बदलतो. बेबीताई कांबळे ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्याचे दैन्य सांगतात आणि त्याच दमात घरातील सासुरवाशिणीचा छळही सांगतात. जात आणि पुरुषसत्ता यांचा जो संबंध अभ्यासकांनी पुढे परिश्रमपूर्वक सिद्ध केला, तो तेथे आधीच जोडलेला आहे.

अनुभव असणाऱ्याने अनुभवच सांगावा, या अपेक्षेला सर्वांत जुने उत्तर ९ मे १९१६ चे आहे. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा त्यांनी जातीअंतर्गत विवाहाच्या सूत्रातून केला. स्वतःच्या अपमानांविषयी त्यात अवाक्षर नाही. ते पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतंत्रपणे आले.

मराठी विभागांतील प्रबंधांत आजही स्वकथनांची विभागणी भूक, शिक्षण, स्त्रीजीवन, बोलीभाषा अशा प्रकरणांत होते. तोळ्या-माशाचा हिशेब मांडणारा ‘अक्करमाशी’वरील प्रबंध तपासण्याचा योग मला अद्याप आलेला नाही.