दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रेसिंग सायकलीचंही तसंच असतं, पण ते घाट लागेपर्यंत कुणी सांगत नाही.

आमच्या शेजाऱ्यांच्या चिरंजीवांना पहिली सायकल घ्यायची होती. दुकानदाराने ५३ दात्यांची पुढची चकती अशा कौतुकाने पुढे केली, की जणू उपवर मुलगीच दाखवतोय. "साहेब, शर्यतवाले हीच वापरतात!" वापरत असतील. पण तंबोरा विकत घेतला म्हणून कुणाला यमन आलेला मी तरी पाहिला नाही.

हिशेब साधा आहे. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पायडलच्या एका फेऱ्यात चाक तितके फेरे घेतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ५३, मागे ११ लावून मिनिटाला ९० फेरे मारले, तर वेग ताशी ५४ किलोमीटरच्या वर जातो. नवशिक्याला हा वेग फक्त उतारावर मिळतो, आणि तिथे तो पायडल मारत नाही, रामनाम घेतो.

खरी परीक्षा चढावर. पुढे ३९, मागे २५ या जुन्या जोडीवर मिनिटाला ६० फेरे टिकवायचे, तर कात्रजचा घाट ताशी जवळजवळ बारा किलोमीटरने चढायला हवा. नाही जमलं की फेरे मंदावतात, गुडघे कुरकुरतात आणि सायकलस्वार सायकलीचा हमाल होतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ असले, तर तेच ६० फेरे ताशी साडेसातला निभतात.

म्हणून नवशिक्याने पुढे ५०-३४ आणि मागे ११ ते ३४ ची उतरंड बघून घ्यावी. हिचा दोष एकच. दोन गिअरांमधल्या पायऱ्या जरा उंच पडतात, आणि सपाटीवर घोळक्यातून जाणाऱ्याला ते खटकतं. पण नवशिक्या घोळक्यात नसतोच. तो घोळक्याच्या मागे असतो.

हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूत मात्र जुनी आहे. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याचं यंत्र नामंजूर होतं. घाट आला की स्वार खाली उतरून मागचं चाक उलटं बसवत. सर्वांना यंत्राची मुभा मिळाली १९३७ साली. म्हणजे मर्दुमकीत गेली नेमकी चौतीस वर्षं.

आणि आज तेच शर्यतवाले मोठ्या घाटात मागे लावतात, तेही ३४ च!