परभणी जिल्ह्यांतील वैद्यक-परिभाषा : एक परीक्षण

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानें शरीर परिभाषा कोशासारखे जे ग्रंथ सिद्ध केले, त्यांच्या वळणावर सरकारी आरोग्यखात्याची मराठी आज उभी आहे. तिचें परीक्षण परभणी जिल्ह्याच्या अनुभवावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे. राजभाषा पालटली म्हणजे दवाखान्यांतील कोणते शब्द जातात व कोणते टिकतात, याचा दाखला तेथें स्पष्ट मिळतो.

१९४८ पर्यंत परभणी निजामी अमलाखालीं होती व कारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादेस १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत वैद्यकही उर्दूंतून शिकवीत. त्यासाठीं तेथील भाषांतर-खात्यानें अरबी-फारसीच्या आधारें संज्ञा घडविल्या. राज्य गेलें, तशा त्या संज्ञाही परभणीच्या दप्तरांतून गेल्या. परंतु दवाखाना, इलाज, मलम, जुलाब हे शब्द राहिले; कारण ते खात्यानें दिलेले नव्हते, लोकव्यवहारानें घेतलेले होते. जुलाब हा तर मूळचा गुलाबपाण्याचा वाचक. मराठींत त्याचा अर्थ किती पालटला हें वाचकांस ठाऊकच आहे. शब्द हुकमानें जगत नाहीं, वापरानें जगतो, हा या इतिहासाचा धडा होय.

१९६० नंतरच्या सरकारी मराठीनें हा धडा कांहीं ठिकाणीं घेतला आहे. मलेरियास तिनें हिवताप म्हटलें. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ 'दूषित हवा' असा. ती समजूत खोटी ठरविणारा शोध रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं निजामाच्याच राज्यांतील सिकंदराबादेस लाविला. हिवताप हा शब्द रोगाच्या कारणाविषयीं कांहीं बोलत नाहीं. थंडी वाजून येणारा ताप, एवढेंच सांगतो. म्हणूनच तो खोटा पडला नाहीं. नारू हा शब्दही लोकांचाच. संस्कृत वैद्यकांत या रोगास स्नायुक म्हणतात, आणि पालि भाषेंत स्नायूस न्हारु हा शब्द आहे. तेव्हां लोकांचा शब्द म्हणजे कुळहीन शब्द, ही समजूत निराधार होय.

उलट 'सिव्हिल सर्जन' या हुद्द्याचें 'जिल्हा शल्यचिकित्सक' झालें. शल्य म्हणजे शरीरांत रुतलेलें बाणाग्रादि. त्यावरून सुश्रुताचें शल्यतंत्र. पण हा अधिकारी जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख असतो. येथें इंग्रजी नांवाचें भाषांतर झालें, कामाचें झालें नाहीं. तथापि हा दोष पाटीपुरता आहे. त्यानें कोणा रोग्याचें नुकसान होत नाहीं.

आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. दप्तरी मराठींत 'वेदना' या एकाच शब्दावर काम भागवितात. गोदाकांठच्या शेतकऱ्याजवळ मात्र ठणका, कळ, सणक, मुरडा असे अनेक शब्द आहेत. गळूं पिकतांना ठोके पडल्यासारखें दुखतें तो ठणका. एकाएकीं धांवत जाते ती सणक. पोटांत पिळवटून येतो तो मुरडा. हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, निदानाचीं साधनें आहेत. कागदावर नुसती 'वेदना' उतरली कीं हा भेद पुसला जातो, आणि पुढें तो कागद वाचणाऱ्या डॉक्टरास तो परत मिळत नाहीं.

लोकभाषा सर्वत्र प्रमाण मानावी, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. महारोग हा शब्द रोग्यास वाळींत टाकणारा होता. त्याच्या जागीं कुष्ठरोग आला हें उचित झालें, जरी आयुर्वेदांत कुष्ठ हें अनेक त्वचारोगांचें नांव आहे. जेथें लोकांचा शब्द माणसास हीन लेखतो तेथें तो टाकावा. जेथें तो अधिक नेमकें सांगतो तेथें तो राखावा.

परभणीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथील विद्यार्थी इंग्रजी ग्रंथांवर शिकणार, परंतु रोग्याचें गाऱ्हाणें त्यांना मराठींत ऐकावें लागणार. त्यांनीं जिंतुरापासून गंगाखेडापर्यंत तालुकावार हे शब्द अर्थभेदासह टिपावे, आणि परिभाषाकोशांत शास्त्रीय संज्ञेखालीं त्यांस जागा मिळावी. ज्या परिभाषेंत रोग्याचें दुखणें मावत नाहीं ती कितीही शुद्ध असली तरी अपुरी होय, असें आमचें मत आहे.